हँडलवरची पिशवी

"मावशी, हात पुढे करा."

द्रौपदामावशींनी हात आधी पदराला पुसला, उलटा करून पुन्हा पुसला आणि मग माझ्यापुढे धरला. मी रबरी हातमोजे चढवले होते. पंजाची रुंदी, मुठीचा घेर, अंगठा कुठवर पोचतो, अशी सगळी मापं घ्यायची होती. त्या हाताला मापपट्टी टेकवताना मला किळस आली, हे आधीच सांगून टाकते. ब्लीचिंग पावडरीनं नखं पिवळी पडली होती. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून पांढरी झाली होती आणि एका सोलपटाखाली काहीतरी ओलं चमकत होतं. मी मान जरा मागे घेतली आणि आकडे लिहून घेतले.

"ताई, ह्या मापाचं काय करनार वो?"

"तुमच्या हाताला नीट बसेल असं हँडल करणार."

"आमच्या हाताला काय, कायबी बसतंय," त्या हसल्या. "झाडू बसतोय, पोतेरं बसतंय. हँडलनं काय घोडं मारलंय?"

मीही हसले. हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले, नळावर जाऊन हात धुतले आणि मग परत येऊन पुढच्या बाईला म्हटलं, "हात पुढे करा." बावीस बायकांची मापं घेतली आणि बावीस वेळा हात धुतले. आमच्या घरातून सोवळं माझ्या आजोबांच्या काळातच गेलं होतं. हात धुण्याची सवय तेवढी राहिली होती.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती घडली, नाव कशाला सांगू. मी तेव्हा कुपवाडच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करत होते. कारखाना डुबल साहेबांचा. स्ट्रेचर, सलाइनचे स्टँड, जेवणाच्या ट्रॉल्या असला माल बनवत आयुष्य गेलेल्या डुबल साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात एक परदेशी गाडी पाहिली आणि ते झपाटले. तशीच गाडी आपण करायची.

गाडी होती मात्र खरोखर नवलाची. चारही चाकांच्या कडेला तिरके छोटे रूळ बसवलेले. त्यामुळे ती पुढे-मागे तर जायचीच, शिवाय खेकड्यासारखी आडवी सरकायची आणि उभ्या जागी गिरकीही घ्यायची. पोटात मोटर आणि बॅटरी. माणसानं हँडल ज्या बाजूला जरासं रेटावं, त्या बाजूला गाडी आपणहून जोर लावायची. म्हणजे गाडीची सगळी अक्कल हँडलमध्ये. हँडलच्या दोन्ही टोकांना जोर मोजणारे सेन्सर होते, आणि ते हँडल माझं होतं.

"एका बोटावर नाचली पाहिजे, लिमये," डुबल साहेब म्हणायचे. "गिऱ्हाइकासमोर मी एक बोट लावणार आणि गाडी नाचणार. बास!"

डुबल साहेबांच्या एका खिशात वेलदोडे असायचे आणि दुसऱ्यात सॅनिटायझरची बाटली. रुग्णालयात कुणाशी हस्तांदोलन झालं की पाठ वळताच बाटली बाहेर. मला त्यांचा तो प्रकार शिसारी आणायचा. स्वतः बावीस वेळा हात धुणारीला!

पहिल्या नमुन्यात मी हँडलच्या खाली एक पट्टी दिली होती. सायकलच्या ब्रेकसारखी. ती मुठीत दाबलेली असेल तरच मोटर चालणार, सोडली की गाडी जागच्या जागी ठप्प. साहेबांनी ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"हे काय लोंबतंय लुनाच्या ब्रेकसारखं? काढ ते. एका बोटावर नाचणार म्हणतोय मी, आणि तू मूठ आवळायला लावतेस?"

"सर, सुरक्षिततेसाठी..."

"खाली गाडी थांबवायचं लाल बटन आहे ना? मग झालं तर."

मी वाद घातला नाही. नोकरीला दोनच वर्षं झाली होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की पट्टीशिवाय ते हँडल मलाही जास्त देखणं दिसत होतं.

पंधरा दिवसांची चाचणी ठरली. धुण्याच्या खोलीतून वॉर्डात स्वच्छ चादरी न्यायच्या आणि वॉर्डातून मळक्या परत आणायच्या, हे काम त्या गाडीवर करून बघायचं. जमलं तर तीस गाड्यांची ऑर्डर. पण या ऑर्डरीला एक काटा होता आणि तो बायकांच्या पायात रुतणार होता. गाड्या आल्यावर ठेकेदाराच्या बावीस बायकांपैकी आठच राहणार होत्या. ज्यांना गाडी चालवता येईल त्या आठ. चाचणीसाठी द्रौपदामावशींना निवडलं होतं, म्हणजे गाडी पास झाली तर आठातलं पहिलं नाव त्यांचंच. नवरा सूतगिरणी बंद पडल्यापासून घरी बसून होता. घर त्यांच्या या दोन हातांवर चालायचं.

"तुमची गाडी पास तर मी पास," त्या मला म्हणाल्या होत्या. "तवा नीट शिकवा ताई. मी सातवी शिकल्याली हाय. शिकीन."

आणि शिकल्या! चार दिवसांत ती गाडी त्यांनी अशी कह्यात घेतली की आमच्या बाबासो फिटरनं तोंडात बोट घातलं. बाबासो खोत म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, कुणाचं सहसा कौतुक न करणारा. तो म्हणाला, "ही बाई गाडीला म्हशीवानी बोलती, आन् गाडी ऐकती!" लिफ्टच्या दारात मावशी गाडी आडवी करून असं अलगद आत घालायच्या की कडेला बोटभरही जागा उरायची नाही.

रोज सकाळी त्यांचा एक क्रम असायचा. आल्या की आधी पिशवी हँडलच्या डाव्या टोकाला टांगायच्या. मग हँडलला हात लावून तो कपाळाला लावायच्या, दिवसाच्या कामाचा नमस्कार म्हणून. मग किल्ली फिरवायच्या. कारखान्यात आम्ही किल्ली आधी फिरवायचो. नमस्कार आणि पिशवी हे आमच्याकडे नव्हतंच.

ती पिशवी माझ्या डोळ्यांत खुपायची. खताच्या पोत्याची घरी शिवलेली, बंदांना मळाचा काळा थर बसलेला. आत भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, बदलायचं लुगडं, चपला. ज्या हँडलला वॉर्डातल्या रक्तालघवीच्या चादरी आणणारे हात लागतात त्याच हँडलला भाकरी टांगलेली! मला बघवायचं नाही. दुपारी त्या तीच भाकरी सोडून खायला बसल्या की मी उठून बाहेर जायची. मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, "मावशी, ती पिशवी दुसरीकडे ठेवत जा."

"कुठं ठिवू सांगा की. खाली ठिवली तर उंदरं, खिडकीत ठिवली तर मांजरं, आन् खोलीत ठिवली तर मानसं."

बायकांना सामान ठेवायला साधी खुंटी नव्हती तिथे. पण खुंटी नाही हे माझ्या डोक्यात राहिलंच नाही. डोक्यात राहिला तो पिशवीवरचा मळ.

बाराव्या दिवशी अकरा वाजता डुबल साहेब रुग्णालयाच्या अधीक्षकांना गाडी दाखवायला आणणार होते. मी साडेदहालाच पोचले. धुण्याच्या खोलीत तो नेहमीचा वास. फिनेल, शिळं रक्त, ओला कापूस, आणि या सगळ्याच्या खाली दडलेला आणखी एक गोडसर वास, ज्याला नाव द्यायला मी कधी धजले नाही. मी नाकाला रुमाल लावला. गाडी दगडी हौदासमोर उभी होती, ओल्या चादरींनी शिगोशीग भरलेली. दोनशे किलोंच्या घरात वजन असेल. बाबासो पलीकडे भिंतीशी वायर गुंडाळत होता.

हौद आणि गाडी यांच्यामध्ये वीस-पंचवीस इंचांची फट होती. त्यात एक चादर घसरली होती आणि ती उचलायला मावशी कडेनं आत वाकल्या होत्या. एक हात त्यांनी आधाराला हौदाच्या कडेवर ठेवला होता.

"आल्या व्हय ताई," त्या वाकल्या वाकल्याच म्हणाल्या. "साहेब यायच्या आत एक खेप टाकते."

मी हँडलपाशी आले. डाव्या टोकाला ती पिशवी. आणि हँडलच्या मधोमध, अगदी लाल बटनाच्या वर, काहीतरी पिवळट, ओलसर, बोटाचा फराटा ओढावा तसं लागलेलं. वॉर्डातून आलेलं. काय होतं कुणास ठाऊक, आणि मला ते ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. आता अर्ध्या तासात अधीक्षक येणार, साहेब त्यांचं ते एक बोट लावणार, आणि माझ्या देखण्या हँडलला हे ध्यान!

मी पिशवीचा बंद दोन बोटांच्या चिमटीत धरला, अंगापासून लांब ठेवून ती उचलली.

गाडी निघाली.

जोरात नाही. माणूस सावकाश चालतो तशी. क्षणभर मला वाटलं, मावशींनीच पुढून ओढली.

"ताई, गाडी!" मावशी ओरडल्या.

पिशवी माझ्या उजव्या हातात होती. डावा हात मोकळा होता. तो मी पुढे केला. हँडलपासून वीतभर अंतरावर माझा हात होता, आणि बटनाशी तो पिवळा फराटा होता. माझा हात तिथे थांबला. मी फडकं शोधत होते. इकडेतिकडे बघून खरोखर फडकं शोधत होते.

मग आवाज आला. तो कसा होता ते सांगत नाही.

बाबासो वायर टाकून धावला, चादरींच्या ढिगावरून आडवा पडला आणि त्यानं तळहातानं बटन दाबलं. त्याच हातानं गाडी मागे खेचली. मावशी खाली बसल्या होत्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं पोटाशी धरला होता. त्या रडत नव्हत्या. "कायतरी झालं, कायतरी झालं," एवढंच म्हणत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाला झालं होतं. तीन बोटं चेंगरली होती. दोन पुढे काढावी लागली.

स्ट्रेचर आलं, त्यांना नेलं, फरशी धुतली. तोवर मी तशीच उभी होते. पिशवी माझ्या हातात होती आणि अजूनही मी ती अंगापासून लांब धरली होती.

अकराला डुबल साहेब आले. अधीक्षकांना परस्पर वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं आणि मला बाजूला घेतलं. पहिला प्रश्न काय, तर, "काय केलं हिनं?"

बाईला काय झालं हे नाही. काय केलं हिनं!

"माहीत नाही सर," मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

तपासणीसाठी म्हणून गाडी कारखान्यात आणली. संध्याकाळी मी आणि बाबासो तिच्याभोवती बसलो. मोटर ठीक, वायरी ठीक, सेन्सर ठीक. वीस वेळा चालू केली, वीस वेळा शहाण्यासारखी उभी राहिली. मग बाबासोनं डोकं खाजवलं.

"ताई, त्या बाई किल्ली फिरवायच्या आधी पिशवी टांगायच्या न्हवं?"

त्यानं स्वतःची हत्यारांची पिशवी हँडलला टांगली. किल्ली फिरवली. गाडी उभीच. पिशवी काढली. गाडी निघाली, तीच माणसाच्या चालीनं, आणि समोरच्या टेबलावर जाऊन आदळली.

मला एका क्षणात सगळं कळलं. ते माझंच होतं. वाणी आधी रिकामं भांडं तागडीत ठेवून काटा शून्यावर आणतो, तशी सोय मी हँडलला केली होती. किल्ली फिरवली की त्या क्षणी जो काही भार असेल तो शून्य धरायचा. आणि दिसायला सुरेख म्हणून हँडल मी तिरकं बसवलं होतं, त्यामुळे खाली लोंबणारं वजन त्याला मागे ओढल्यासारखं वाटायचं. पिशवीसकट शून्य. पिशवी गेली की गाडीला वाटणार, कुणीतरी पुढे रेटतंय. मावशी रोज, जेवायच्या सुट्टीत काय आणि संध्याकाळी काय, आधी किल्ली बंद करायच्या, मग पिशवी काढायच्या. म्हणून अकरा दिवस काही झालं नाही.

बाबासो माझ्याकडे बघत होता. "मग आज मधीच पिशवी काढली कोनी?"

"मी."

तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. पुसून झालेले हात पुन्हा पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे पिशवीचं आणि शून्याचं. फडक्याचं नाही. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांनी तोंडात वेलदोडा टाकला.

"म्हणजे तिनं हँडलला वजन टांगलं म्हणून झालं."

"सर, काढलं मी. आणि शून्याची चूक माझी आहे. शिवाय ती पट्टी असती तर..."

"लिमये." त्यांनी हात वर केला. "टांगलं कुणी?"

"त्यांनी."

"सूचना होती ना, हँडलला काही टांगू नये म्हणून?"

"नव्हती."

"होती," साहेब म्हणाले. "तू आता लिहिणार आहेस. स्टिकर कर. लाल. अक्षर ठळक घे. आणि माहितीपुस्तिकेत पान घाल, तारीख मागच्या महिन्याची. तीस गाड्या आहेत, बाई. कारखान्यात साठ माणसं खातात. आणि काढलं कुणी, हे कुणी विचारलं तर बघू. न विचारलेल्याचं उत्तर शहाणा माणूस देत नाही."

माणूस इतका गुळगुळीत कसा असू शकतो! त्या खोलीत बसून मला त्यांच्या वेलदोड्याच्या वासाची, त्यांच्या स्वच्छ नखांची इतकी किळस आली की ओकारी येईल असं वाटलं. आणि तरीही मी जाग्यावर जाऊन बसले आणि ते वाक्य लिहिलं. 'हँडलवर कोणतीही वस्तू टांगू नये.' आधी 'कृपया' घातलं होतं, मग काढून टाकलं. अक्षराची तीन वळणं करून पाहिली. त्यातलं कोणतं जास्त नजरेत भरतं याचा मी विचार केला, हेही खरं आहे.

स्टिकर चिकटवायला बाबासोला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी न्हाई लावनार. लावायचं त्यानं लावावं," आणि जेवायला गेला. मी लावलं. त्याआधी स्पिरिट घेऊन हँडल लख्ख पुसलं. तो पिवळा फराटा वाळून कडक झाला होता. तो मी नखानं खरवडला. त्या दिवशी माझ्या हाताला ते करता आलं.

पाच दिवसांनी अधीक्षकांच्या खोलीत चौकशी झाली. अधीक्षक निवृत्तीला आलेले डॉक्टर, भला माणूस, पण घाईत. शेजारी ठेकेदार. डुबल साहेब आणि मी एका बाजूला. मावशींना वॉर्डातून बोलावलं होतं. हाताला कोपरापर्यंत बँडेज आणि खांद्याला तीच पिशवी. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही, त्या उभ्याच राहिल्या.

"गाडीच्या हँडलला पिशवी टांगली होती?"

"व्हय साहेब."

"कुणी?"

"मीच. रोजच टांगती."

"तिथं लाल अक्षरात लिहिलेलं आहे, टांगू नये म्हणून. वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतंय साहेब. सातवी शिकल्याली हाय." मावशी थांबल्या. कपाळाला आठी घालून त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. माझ्या हँडलवरची माझी पाटी, जी तेव्हा तिथे नव्हतीच, ती त्या प्रामाणिकपणे आठवून बघत होत्या. "मला काय दिसली न्हाई. पर असंल साहेब. तुमी म्हंताय म्हंजी असंल. कामाच्या गडबडीत ऱ्हायली आसंल बगायची."

"पिशवी टांगलेली असताना गाडी कशी काय सुटली?" अधीक्षकांनी आमच्याकडे बघत विचारलं.

डुबल साहेब पुढे सरसावले. "वजनामुळं सर. हँडलला नको ते वजन आलं की यंत्राचा गोंधळ होतो. आमच्या इंजिनिअर आहेत या, सांगतील."

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीही बघत होत्या. शांतपणे. मी बोलायचं ठरवलं असतं तर एवढाच क्षण होता.

"हो सर," मी म्हटलं. "वजनामुळे."

एवढंच. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. उपचार रुग्णालय फुकट करणार. चाचणीचे उरलेले दिवस दुसरी बाई गाडी चालवणार. आणि एका हाताची बाई आपल्या काय कामाची, असं ठेकेदारानं तिथेच, त्यांच्या समोर म्हटलं. डुबल साहेब उठले, "आमची पूर्ण सहानुभूती आहे," म्हणाले, मावशींच्या चांगल्या खांद्यावर थोपटलं आणि दाराबाहेर पडता पडता खिशातून बाटली काढली.

तीस गाड्या गेल्या. पुढच्या तीसांपासून मी ती दाबायची पट्टी परत बसवली, शून्याची भानगड काढून टाकली, आणि हँडलच्या डाव्या बाजूला पिशवीसाठी एक आकडा दिला, सेन्सरला न लागणारा. आता साहेबांनी हूं की चूं केलं नाही. त्या हँडलला एका संस्थेचं पारितोषिक मिळालं. वापरणाऱ्याच्या सवयींचा बारकाईनं केलेला विचार, असं मानपत्रात लिहिलं आहे. फोटोत मी हसते आहे. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. मी मात्र त्याच्याकडे पाठ करून बसते.

पण त्या दिवसाचं अजून राहिलं.

चौकशी संपल्यावर मी जिन्यात मावशींना गाठलं. त्या एकेक पायरी बघून उतरत होत्या. पिशवीचा बंद खांद्यावरून सारखा घसरत होता आणि बँडेजच्या हातानं त्यांना तो वर घेता येत नव्हता.

"मावशी."

त्या थांबल्या. "बोला ताई."

"पिशवी मी काढली होती. म्हणून गाडी सुटली. तुम्ही टांगली म्हणून नाही."

"म्हाईत हाय की मला," त्या म्हणाल्या. "मी वाकल्याली व्हते, आंधळी न्हवते. गाडीखालनं तुमचं पाय दिसलं, वर बगितलं तर तुमचा हात दिसला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही आत? तुमची नोकरी गेली मावशी!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पडला होता, चारचौघांत पोरानं काही वेडंवाकडं केल्यावर आईचा पडतो तसा.

"काय सांगू त्यास्नी?" त्या म्हणाल्या. "ताईनं माझी पिशवी दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलत्यात तशी, आसं सांगू? त्या सगळ्या साहेब लोकांम्होरं? लाज वाटती वो. माझी भाकरी व्हती त्यात."

खालच्या मजल्यावरून कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"तेवढी पिशवी जरा खांद्याला लावून द्या," त्या म्हणाल्या. "हातानं यीना झालंय."

मी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मुठीत बंद धरला, मळकट, जरा ओलसर. त्यांच्या डाव्या खांद्यावर नीट बसवला आणि घसरू नये म्हणून एक गाठ मारली. डबा आत कलंडला होता तो सरळ केला.

"हां, आता बसली," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मी कारखान्यात परत आले. सायकलस्टँडच्या पलीकडे पाण्याची टाकी होती, तिला नळ होता. मनात त्यांचं बोलणं चालूच होतं, अक्षर न् अक्षर. डोळ्यांना धार लागली होती. आता साहेबांकडे जाऊन राजीनामा द्यायचा, अधीक्षकांना सगळं लिहून कळवायचं, असं मी ठरवत होते. त्यातलं पुढे काहीच केलं नाही, पण तेव्हा अगदी मनापासून ठरवत होते.

बाबासो हौसपाइप घ्यायला आला आणि माझ्याकडे बघून थबकला. मग मागे फिरला.

तेव्हा मी खाली बघितलं. नळ सोडलेला होता. मी कोपरापर्यंत हात धुवत होते, आणि साबण दुसऱ्यांदा लावून झाला होता.